दोन दिवसांसाठी नेलेली रायफल

टॅमरॅक लेक, मिशिगन
रविवार, ४ डिसेंबर १९९४

प्रिय एल्मी,

तू आणि बर्ट बरे असाल. मी बरी आहे. बर्फ गुडघ्याच्या वर गेलाय. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय, थंडीचा राग त्या माझ्यावर काढतात. तू भाजलेला गोड निसू-पाव पोस्टाने पोचला. वेलदोडा सढळ हाताने घातला होतास, खोक्यालासुद्धा वास येत होता. मी त्याचा तुकडाही तोडला नाही. अख्खा पाव शेजारच्या टोइवोच्या कुत्र्याला घातला. त्याला आवडला.

यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल की हे पत्र नेहमीसारखं नाही. फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू रडतेस, आणि तू रडायला लागलीस की माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. लहानपणापासून हे असंच चालत आलंय. पत्रात तुला मधेच तोडता येणार नाही.

माझी रायफल परत पाठव.

दोन दिवसांसाठी म्हणून नेलीस, त्याला आज पाच आठवडे आणि वर दोन दिवस झाले. तू तिला अजून ‘ओन्नीची बंदूक’ म्हणतेस. ओन्नी होता तोवर ती त्याची होती. या उन्हाळ्यात मी ती माझ्या हातांनी माझी केली, आणि हे तुझ्याइतकं जवळून कुणीही पाहिलेलं नाही. तरी पुन्हा सांगते.

अडुसष्ट साली त्याने ती घेतली. सेमी-ऑटोमॅटिक, एक बार झाला की पुढचं काडतूस आपलं आपण वर येणारी. सव्वीस वर्षं दर नोव्हेंबरात ती त्याच्याबरोबर हरणांच्या मागे रानात गेली आणि मी दर नोव्हेंबरात घरी बसून शिकाऱ्यांसाठी मांस-बटाटे भरलेल्या पास्ट्या भाजल्या. तो गेल्यावर जूनमध्ये मी ती कपाटातून काढली. खांद्याला लावून पाहिली तर मागचा लाकडी दस्ता इतका लांब की चापापर्यंत माझं बोट पोचेना. ओन्नी सहा फूट दोन इंच, मी जेमतेम पाच फूट. मी क्लेमच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेले.

“नवा दस्ता मागवायचा म्हणजे तुझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनचं काम आहे, सायमा,” क्लेम म्हणाला.

“आणि जुना कापायचा म्हणजे?”

“करवत तुझ्या घरीच आहे की.”

तीन दिवस मी नुसती पेन्सिलीने रेघ मारत होते आणि पुसत होते. चौथ्या दिवशी कापला. मग वरचं सगळं व्हार्निश घासून काढलं आणि जवसाचं तेल तळहाताने जिरवलं, रोज एक हात, असे अकरा हात. मागे धक्का बसू नये म्हणून ओन्नीच्या जुन्या बुटाची रबरी टाच स्क्रूने बसवली. पट्टा म्हणून त्याचाच कमरपट्टा लावला. दुसरा बार अडकतो म्हणून ओन्नी जन्मभर तिला शिव्या घालायचा. आत काही मोडलेलं नव्हतं, एल्मी. त्याने ती कधी आतून पुसलीच नव्हती! रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन बसले तर सव्वीस वर्षांची काजळी निघाली. एक स्प्रिंग तेवढी थकली होती, ती क्लेमने मागवून दिली. दुर्बीण चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली. काचेला एका कडेने ओरखडा आहे, पण तिच्यातून टोइवोच्या दोरीवरचे चिमटे मोजता येतात.

सगळे किती खूश होते! सायमाने बरं मन रमवलंय, म्हणे. पॉलिश पेपरचं पुडकं घेऊन तूच आली होतीस. “तुझ्या नखांत तेल गेलंय, पण तोंडावर तेज आलंय,” असं तूच म्हणाली होतीस.

आणि मग ऑक्टोबरातला तो शुक्रवार.

“सायमा, बंदूक देतेस का दोन दिवस? कोल्हे मेंढ्यांच्या मागे लागलेत.”

“बर्टची कुठे गेली?”

“बिघडलीय.”

“मग घेऊन ये, मी बघते तिच्याकडे.” मोठी कारागीर ना मी!

तू हसलीस. हसताना माझ्याकडे पाहिलं नाहीस, हे आता आठवतं. “काडतुसंही सगळी दे,” म्हणालीस. “बर्टचा नेम तुला माहीतच आहे.”

मी सगळी दिली. ओन्नीच्या जाड सदऱ्यात गुंडाळून, लहान मूल द्यावं तशी ती बर्टच्या हातात दिली. चाप आता किती हलका झालाय ते त्याला समजावून सांगितलं. तो सगळा वेळ आपल्या बुटांकडे बघत होता. मला वाटलं, बायकांकडून शिकायची लाज वाटते बिचाऱ्याला. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत दारात उभी होते.

पुढे हरणांचा मोसम जवळ आला. तू म्हणालीस, बर्टने अजून साफ केलेली नाही. मग रस्ता खराब. मग गाडीची बॅटरी. मी क्लेमकडे काडतुसं घ्यायला गेले तर तो म्हणतो, “संपली.” मोसमाला आठवडा उरलाय, त्याच्या पाठीमागे खोक्यांची भिंत उभी आहे, आणि क्लेम म्हणतो संपली. मी त्याला म्हटलं, चष्म्याचा नंबर बदल. तोही बर्टसारखाच खाली बघू लागला. त्याच आठवड्यात टोइवो आणि चर्चची चार माणसं ट्रक भरून जळाऊ लाकडं घेऊन आली आणि मला न विचारता माझ्या शेडमध्ये रचून गेली. मी लाकडं मागितली नव्हती. तरीही मला काही कळलं नाही. एवढी मी मूर्ख.

गेल्या शनिवारी चर्चमधल्या जेवणाला मी सहज विचारलं, “काय रे बर्ट, कोल्हे किती मारलेस?”

“कुठले कोल्हे?”

“मेंढ्यांच्या मागे लागलेले.”

“मेंढ्या तर आम्ही सप्टेंबरातच वि...” आणि तो कळवळला. टेबलाखाली त्याच्या पायावर तुझी टाच पडली होती.

सगळं टेबल गप्प झालं. कुणाला काही कळलं नाही म्हणून गप्प झालं असतं तर मी समजले असते. पण सगळ्यांना सगळं कळलं म्हणून ते गप्प झालं. पाद्रीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सायमा, सगळ्यांनी प्रेमापोटीच केलं हो.”

सगळ्यांनी! म्हणजे ही जी पंचवीस-तीस माणसं माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती, बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत होती, ती महिनाभर मला सांभाळत होती. दाराला कडी लावून आत ठेवलेल्या वेडीला सांभाळावं तशी. आणि ही कडी कुणी लावली? माझ्या सख्ख्या बहिणीने.

तुमच्या मनात काय आलं असेल ते मला समजतं. ते तोंडाने उच्चारून मी त्याचा मान वाढवणार नाही. एक म्हातारी बाई आपल्या नवऱ्याची वस्तू दुरुस्त करत होती. बस.

रायफल पाठव. काडतुसंही.

सायमा


टॅमरॅक लेक
सोमवार, ९ जानेवारी १९९५

एल्मी,

तुझं अकरा पानी पत्र मिळालं. नाताळला मी तुमच्याकडे आले नाही, यात तीन पानं गेली. मी बरी होते. उकडलेले बटाटे खाल्ले, रेडिओ ऐकला. सॉना तापवला आणि एकटी बसले. पाणी दगडांवर टाकायला दुसरं कुणी नसलं की वाफही आळशी होते.

रायफल कुठे ठेवली आहे ते अकरा पानांत तू एकदाही लिहिलं नाहीस. ‘सुरक्षित आहे,’ एवढंच. जणू तिलाच धोका होता.

तू लिहितेस, ‘मी तुझी लाकडांची शेड पाहिली.’ पाहिली असशील. रिकामी होती. ऑक्टोबर संपत आला तरी रिकामी होती. आपल्याकडे ऑगस्टात ज्याची शेड भरत नाही त्याला लोक आळशी म्हणतात. मग म्हणायचं होतं आळशी! बासष्ट वर्षांच्या बाईची कंबर दुखत असेल, ती विसरली असेल, तिला यंदा गॅसची शेगडी घ्यायची असेल. हजार कारणं असतात. तू लिहितेस, आईची कॉफीची किटली मी त्या दिवशी कारण नसताना तुझ्या हातात कोंबली. तुला ती लहानपणापासून हवी होती, म्हणून दिली. आता त्याचाही माझ्याविरुद्ध पुरावा केलास? परत कर मग किटली.

‘तुझ्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं,’ असंही लिहिलंस. काय दिसलं, ते त्याच वेळी का नाही विचारलंस? समोर बसून कॉफी पीत होतीस. दोन हातांवर मी होते. ‘सायमा, तुझ्या मनात काय चाललंय?’ सहा शब्दसुद्धा झाले नसते. पण नाही. तू घरी गेलीस, बर्टशी बोललीस, पाद्र्याशी बोललीस, क्लेमशी, टोइवोशी. माझ्याबद्दल बोलायचं म्हणून तू चाळीस मैल गाडी हाकत या गावात दोनदा आलीस आणि दोन्ही वेळा माझ्या दारावरून पुढे गेलीस. हे मला टोइवोनेच सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून कोल्ह्यांची गोष्ट रचली. कोल्हे कुणाच्या डोक्यातून आले? तुझ्या, नाही का? बर्टला एवढं सुचायचं नाही.

आता मी एक विचारते. तुझ्यासारखी दारावरून निघून जात नाही, सरळ विचारते.

ओन्नीचं हृदय खराब आहे, हे तुला कधीपासून माहीत होतं?

थांब, रडू नकोस. वाच.

जुलैत, दस्ता कापून झाल्यावर, मी त्याची काडतुसांची पिशवी धुवायला काढली. आतल्या कप्प्यात गोळ्यांची बाटली होती. औषधाच्या गोळ्या. बाटलीवर त्याचं नाव, शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरचं नाव आणि तारीख, दोन वर्षांपूर्वीची. अर्ध्याहून जास्त भरलेली. मी ती टेबलावर ठेवली आणि जेवणवेळ होईपर्यंत तिच्याकडे बघत बसले.

दोन वर्षं, एल्मी. दोन वर्षं तो माझ्याशेजारी झोपत होता. छतावरचा बर्फ ओढायला मीच त्याला वर चढवत होते. “हात जड झालेत का तुझे?” म्हणून मीच त्याला टोचून बोलत होते. त्याने मला सांगितलं असतं तर मी स्वतः शिडीवर चढले असते. त्याला मांजरासारखं चुलीशेजारी बसवलं असतं. त्याला तेच नको होतं, हेही मला कळतं. पण निवडायचं होतं ते आम्ही दोघांनी. त्याने एकट्याने निवडलं. मार्चमध्ये तो बर्फात पडला तेव्हा मी खिडकीतून ओरडले, “काय खेळ चाललाय? उठ!” हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शहर साठ मैलांवर. डोळ्यांमुळे ओन्नी लांब गाडी नेत नव्हता. म्हणजे कुणीतरी त्याला नेलं असणार. त्याचा असा मित्र एकच होता, आणि तो तुझा नवरा आहे.

जुलैपासून मला हे माहीत आहे. तू पॉलिश पेपर घेऊन आलीस तेव्हाही माहीत होतं. मी वाट बघत होते की तू आपण होऊन सांगशील. तू माझ्या नखांबद्दल बोललीस.

त्यानंतर मी लाकडं तोडली नाहीत. ज्यांच्यासाठी घर गरम ठेवायचं ते सगळे माझ्याशी खोटं बोलत होते.

हे मी खोडणार होते, पण शाईने लिहिलंय. राहू दे.

उत्तर दे. एकाच पानात.

सायमा


टॅमरॅक लेक
मंगळवार, २८ मार्च १९९५

प्रिय एल्मी,

कशी आहेस? बर्टचा गुडघा कसा आहे? इथे छतावरून पाणी ठिबकायला लागलंय, दिवसभर टपटप आणि संध्याकाळी पुन्हा गोठून कट्ट्यावर काच. कोंबड्यांनी मला माफ केलं, आज तीन अंडी मिळाली.

तुझं एक पानी पत्र जानेवारीतच आलं. दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी ते पोळलं, मग निवलं, मग पुन्हा पोळलं. ‘बर्टने मला प्रेताशेजारी सांगितलं. त्याआधी मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मात्र रोज ठाऊक होतं.’ यावर मी विश्वास ठेवते. तू खोटं बोलताना लांब बोलतेस. हे आखूड आहे.

अकरा तारखेला, शनिवारी, ओन्नीला जाऊन वर्ष झालं. मी सकाळी उठले, त्याचा जड कोट घातला आणि चालत क्लेमच्या दुकानात गेले. काय करायला जातेय ते मनाशी बोललेसुद्धा नाही. पाय जातील तिकडे गेले म्हणायचं, पण पायांना दिशा होती.

“क्लेम, मला काडतुसं दे,” मी म्हटलं. “आणि आता संपली म्हणालास तर मी भिंतीवरची खोकी मोजून दाखवीन.”

क्लेमने दुकानाच्या दाराला आतून कडी घातली आणि मला मागच्या खोलीत नेलं. तिथे ती होती. लोखंडी कपाटात, सरळ उभी, तेल लावून पुसलेली. तुमच्या घरी ती कधी गेलीच नव्हती. मला इतके दिवस वाटत होतं की ती तुमच्या बिछान्याखाली असेल.

“एल्मी त्याच दुपारी घेऊन आली,” क्लेम म्हणाला. “त्या स्टुलावर दोन तास बसली होती. शेवटी मी बर्टला म्हटलं, हिला गाडीत घाल, पण खिडकी उघडी ठेव, ही ओकेल.”

हे तू अकरा पानांत लिहिलं नव्हतंस.

“तू माझ्याशी खोटं बोललास, क्लेम. तीस वर्षांचं गिऱ्हाईक मी तुझं.”

“बोललो.” त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “एकाहत्तर साली माझा भाऊ याच दुकानात आला होता. एक खोकं मागितलं. मी त्याला विचारलं, मासे लागतायत का रे. तो म्हणाला, काही खास नाही. मी खोकं दिलं. एवढंच बोललो आम्ही. मासे.”

मला त्याचा भाऊ आठवला. तुलाही आठवेल, उंच, लाजरा, नाचाच्या रात्री भिंतीला टेकून उभा राहायचा. तो कसा गेला हे गावाला माहीत होतं. गावाने ते कधी तोंडाने म्हटलं नाही.

मग क्लेमने कपाटातून रायफल काढली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली. शेजारी काडतुसांचं खोकं ठेवलं.

“तुझी आहे. तुला नाही म्हणायचा मला काडीचा हक्क नाही. घेऊन जा. फक्त मी या वेळी विचारणार आहे. कशासाठी हवी आहे, सायमा?”

एल्मी, मी तुला काय काय लिहिलं होतं ते आठव. सरळ का नाही विचारलंस, असं किती तावातावाने लिहिलं होतं. दोन हातांवर मी होते म्हणून. आणि आता एका माणसाने दोन हातांवर उभं राहून विचारलं.

मी म्हटलं, “हरणांसाठी.”

“मोसम नोव्हेंबरात संपला.”

“मग पुढच्या मोसमासाठी.”

“पुढच्या मोसमाला काडतुसं आजच कशाला?”

मी दस्त्यावर हात ठेवला. माझं काम खरंच चांगलं झालंय, एल्मी, हे स्वतःच्या तोंडाने सांगते. लाकडाच्या सगळ्या रेषा वर आल्यात. क्लेम काही बोलला नाही. बोलला असता तर मी उचलून चालू पडले असते. तो पुसलेला चष्मा पुन्हा पुन्हा पुसत उभा होता. सत्तरीचा माणूस.

मग मी त्याच स्टुलावर बसले. किती वेळ बसले ते ठाऊक नाही. बाहेर कुणीतरी दार ठोठावून निघून गेलं. शेवटी क्लेमने कॉफी आणली. अगदी बेचव, धुवणासारखी. मी ती सगळी प्यायले आणि म्हटलं, “तुझ्या भावाचं नाव काय होतं रे?” तो म्हणाला, “लिओन.” आणि मग तो त्याच्याबद्दल बोलायला लागला. दुपारपर्यंत आम्ही लिओनबद्दल बोललो आणि ओन्नीबद्दल बोललो. मी ओन्नीवर खिडकीतून ओरडले होते, तेही क्लेमला सांगितलं. त्याने ‘त्यात तुझी काय चूक’ असलं काही म्हटलं नाही. तो म्हणाला, “मी मासे विचारले होते.”

मी रिकाम्या हाताने घरी आले.

आता तुला जे सांगायचंय ते सांगते. हात थांबायच्या आत लिहिते.

जूनमध्ये मी रायफल काढली तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं. खरंच फक्त हातांना काम हवं होतं. जुलैत ती बाटली सापडली. त्यानंतर मी दस्त्याला तेलाचे अकरा हात दिले, आणि त्यातले पहिले तीनच लाकडासाठी होते. बाकीचे मी वेळ काढायला देत होते. अकरावा वाळला की दुसरं काही करायला उरणार नव्हतं. म्हणून मग पट्टा लावला, म्हणून दुर्बीण शोधली, म्हणून आत नसलेला दोष शोधत बसले. ऑक्टोबरात सगळं करून संपलं. तू आलीस त्या शुक्रवारी ती टेबलावर पूर्ण तयार होती आणि मी कोंबड्या कुणाला द्यायच्या ते ठरवत होते.

तर तुला जे दिसलं ते होतं.

आणि हेही सांगते, तू समोर बसून विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते. क्लेमशी बोलले तसंच. बहुधा हसून बोलले असते, आणि तू कॉफी संपवून निघून गेली असतीस, कारण माझ्या हसण्यावर तू नेहमी विश्वास ठेवतेस. हे मला त्या शनिवारी कळलं. तेव्हापासून कोल्ह्यांवर मला पहिल्यासारखं रागावता येत नाही.

पण येतं, एल्मी. अजून येतं. ते लपवून तुला बरं वाटेल असं पत्र मी लिहिणार नाही. तू विचारायला हवं होतंस. मी खोटं बोलले असते, मग तू ती खुशाल न्यायची होतीस, ओढून न्यायची होतीस, मी तुझे केस उपटले असते. पण मला खोटं बोलायची तरी संधी द्यायची होतीस. ओन्नीने दिली नाही, तूही दिली नाहीस. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी ठरवलं. त्याचं ठरवणं मला एकटं करून गेलं आणि तुझ्यामुळे मी आज हे लिहायला बसलेय. तरी दोन्ही ठिकाणी मी खोलीच्या बाहेरच होते. गावातल्या प्रत्येकाला माहीत आणि मला नाही, हे पुन्हा माझ्या बाबतीत कधीही करू नकोस. मला वाचवायचं असेल तरीही.

बर्टला सांग, त्याने ओन्नीला दिलेला शब्द पाळला, ते मी समजू शकते. माफ केलं असं सांगू नकोस. समजू शकते, एवढंच सांग.

मी काय करतेय ते सांगते, म्हणजे तुला चाळीस मैल येऊन टोइवोला विचारावं लागणार नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी क्लेमकडे जाते. लोक मोडक्या बंदुका आणून टाकतात, आतली काजळी काढायला त्याला माणूस हवं होतं. मी रॉकेल आणि ब्रश घेऊन बसते. सोमवारी पाद्रीणबाईंनी सांगितलेल्या एका डॉक्टरबाईकडे जाते. ती फार बोलत नाही, पण सरळ विचारते. पहिल्या दिवशी मी तिच्याशीही खोटं बोलले. काल कमी बोलले.

रायफल क्लेमच्याच कपाटात आहे. किल्ली त्याच्याकडे आहे. मी मागितलेली नाही, आणि मागितली तर त्याने तुला फोन करायचा असं मीच त्याला सांगितलंय. माझ्यासमोर, दुकानातल्या फोनवरून. या वेळी जे ठरलं ते मी खोलीत असताना ठरलं.

शेड मेपर्यंत पुरेल. पुढच्या हिवाळ्याच्या लाकडांबद्दल मला अजून काही सांगता येत नाही. एप्रिल संपेपर्यंत सांगता येईल. तुला कधीही विचारावंसं वाटलं तर विचार. मी फोन उचलीन, तू रडलीस तरी.

तुझ्यावर रागावलेली, आणि अजून इथे असलेली तुझी बहीण,
सायमा